मेंढीच्या कातड्यावरचा उजेड

डॅरिलला फाटक लावायची अक्कल कधीच आली नाही. पोरवयात सुट्टीला मावशीकडे यायचा तेव्हा नव्हती, आणि आता डोक्यावरचे केस गेले तरी नाही. फाटक जसं असेल तसं सोडायचं, बंद असेल तर बंद, हे मुलंगारा गावात रांगतं पोरसुद्धा जाणतं. एकदा का मेंढ्या गव्हात शिरल्या की त्यांना बाहेर काढताना माणसाचा दिवस जातो आणि कुत्र्याची जीभ लोंबते. पण या बहाद्दराची गाडी धुरळा उडवत आत आली की मागे फाटक आ वासून पडलेलं. मावशी, म्हणजे मर्ल ट्रेगेन्झा, मग गुडघा धरून पायऱ्या उतरायची, फाटक लावायची, परत पायऱ्या चढायची. बोलून बोलून तिचं तोंड दुखलं होतं.

या रविवारी तर त्याच्या मागोमाग अर्धा गाव आला. कुणी गाड्यांतून, कुणी चालत. लोकर कातरायच्या शेडमध्ये संध्याकाळची गर्दी उभी राहिली. पत्र्याची दारं लावली होती, आत अंधुक. मधोमध टेबल, टेबलावर मेंढीचं मोठं पांढरं कातडं अंथरलेलं आणि कातड्यावर ग्लेनचा पाण्याचा कॅनव्हासचा बुधला.

"मनात शंका असेल त्याने बाहेर थांबावं," डॅरिल हलक्या, मधाळ आवाजात म्हणाला. एरवी तो असा बोलत नसे. एरवी त्याचा आवाज ॲडलेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातला. "वस्तू म्हणजे नुसती वस्तू नसते, मित्रांनो. माणूस जातो, पण त्याचा हात वस्तूवर राहतो. आपण फक्त दार ठोठावायचं."

असं म्हणून त्याने कातड्यावर तळहाताने थापा मारल्या. थप, थप, थप. मग छोटा कॅमेरा डोळ्याला लावला. फ्लॅश लखलखला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उमटलं आणि पुढच्या रांगेतून आवाज उठला, "आला! आला गं बाई!"

बुधल्याच्या वर, हवेत, उजेडाचा एक गोल लटकत होता. फिकट, चांदीसारखा, कडेला जरा निळसर.

पोस्टातली बेव्ह डोळे पुसू लागली. म्हातारा नॉर्म काउली, ज्याने आयुष्यात हवामानाच्या अंदाजावरही विश्वास ठेवला नव्हता, त्याने हॅट काढून छातीशी धरली. आणि जनीन, मर्लची सून, पुढे होऊन त्या काचेला बोट लावून हळू म्हणाली, "ग्लेन."

मर्ल दाराशी उभी होती. ती बोलली असती तरी ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

ग्लेन तिचा एकुलता एक. गेल्या हिवाळ्यात बांधावर त्याची चारचाकी बाईक उलटली आणि तो तिच्याखाली सापडून गेला. जनीनने जमीन शेजाऱ्याला कसायला दिली, सामान विकायला काढलं. पूर्वी अशा वेळी सगळा मुलूख जमायचा. अंगणात सामानाच्या रांगा लागायच्या, लिलाव पुकारणारा ट्रकच्या फळीवर चढून घसा फोडायचा, बायका केक विकायच्या. आता सगळं फोनवर. फोटो काढा, खाली चार ओळी लिहा, ठरल्या वेळेला बोली बंद.

हे काम सुरुवातीला मर्लने अंगावर घेतलं. शाळा तिने लहानपणीच सोडली होती, पण लिहिताना ती कुणाच्या बापाला भीत नसे. सकाळच्या उन्हात व्हरांड्यावर वस्तू ठेवायची, समोरून एक, बुडाचा एक आणि जिथे खोट असेल तिथला एक फोटो काढायचा. खाली लिहायचं, 'किटली. बूड काळं. तोटी वाकडी, पण चहा सांडत नाही.' किंवा, 'कोट. खिसा उंदराने खाल्लाय. बाकी ठीक. ज्याला नवा हवा त्याने दुकानात जावं.'

बोली लागायच्या, पण रडतखडत.

मग डॅरिल आला. "मावशी, असं लिहून कोण घेणार? लोकांना वस्तू नको असते, गोष्ट हवी असते." तो शेडमध्ये कातडं अंथरून फोटो काढायला लागला. पहिल्याच दिवशी ग्लेनच्या बुटांवर उजेडाचा गोल उमटला आणि त्याने खाली लिहिलं, 'हे बूट रिकामे नाहीत. रात्री यांची पावलं ऐकू येतात. हळव्या मनाच्या माणसाने विचार करून बोली लावावी.' मेलबर्नच्या हळव्या मनाच्या माणसांची झुंबड उडाली. मग गावातली माणसंही आपापल्या मेलेल्यांच्या वस्तू घेऊन यायला लागली. कुणी आईचं लाटणं, कुणी बापाची दाढीची वाटी. घराघरात मेंढीची कातडी अंथरली जाऊ लागली.

खरं सांगायचं तर बुटांचा तो पहिला फोटो मर्लनेही भिंग लावून बघितला होता. स्वयंपाकघरात एकटी बसून, चहा गार होईपर्यंत. आईच ती.

त्या रविवारी गर्दी पांगल्यावर जनीन स्वयंपाकघरात आली आणि दारामागच्या खुंटीकडे बघत उभी राहिली. खुंटीवर ग्लेनची हॅट होती. पुढची कड चिमटीत धरून धरून मऊ पडलेली, आतल्या पट्टीला घामाचा काळा डाग.

"मम," ती सासूला म्हणाली, "डॅरिल म्हणतो, हॅट इथे आहे तोवर ग्लेन अडकून राहणार. ती नव्या घरी गेली की तो सुटेल. मी बोलीला लावलीये. पुढच्या रविवारी बंद होईल."

"माझ्या खुंटीवरची हॅट, मला न विचारता?"

"तुम्ही नाहीच म्हणाल ना."

"म्हणजे माहीत होतं तर."

जनीन रडली नाही. तेच मर्लला जास्त लागलं. सून पूर्वी भांडायची, बशी आपटायची, मग दोघी हसायच्या. आता ती आठवडाभर नुसती रविवारची वाट बघायची. शेजारणीकडे जाणं बंद, कोंबड्यांकडे लक्ष नाही, कुत्र्याच्या केसांतल्या गाठी कुणी सोडवत नाही. हॅट गेली असती तर एक वेळ मर्लने दात आवळून सोसलं असतं. पण हॅटीच्या मागोमाग ही पोरगीही चालली होती, आणि ती परत येणार नव्हती.

बुधवारी मर्लने चहाबरोबरचे छोटे पाव, स्कोन, करायला घेतले. कोठीघरात उजेड कमी. पीठ चाळता चाळता तिच्या मनात आलं, ही चाळणीही आता कुणाला तरी देऊन टाकावी, हातात जोर राहिला नाही. तिने चाळणी डब्याच्या कडेला आपटून रिकामी केली, फळीवर ठेवली आणि फोन काढून फोटो घेतला. अंधार होता म्हणून फ्लॅश आपोआप पडला.

फोटो बघून ती स्टुलावर बसली.

चाळणीभोवती उजेडाचे गोलच गोल. मोठे, लहान, एकावर एक चढलेले. मर्लने एकच ग्लेन जन्माला घातला होता आणि त्या एकानेच तिला पुरे केलं होतं. इथे पिठाच्या डब्याभोवती ग्लेनांची जत्रा भरली होती.

ती हसली. मग हसू थांबलं. भिंगातून बघितलेला तो पहिला गोल तिच्याकडूनही आत्ताच गेला होता.

मग उठून तिने पुन्हा चाळणी आपटली. फ्लॅश बंद करून फोटो काढला, एकही गोल नाही. फ्लॅश लावून काढला, गोल हजर. पीठ खाली बसू दिलं, फ्लॅश लावून काढला, काही नाही. स्कोन त्या दिवशी झालेच नाहीत.

पुढच्या रविवारी शेडमध्ये मावेना इतकी गर्दी. टेबलावर कातडं आणि कातड्यावर हॅट. डॅरिल हात वर करून उभा. "आज निरोप द्यायचा आहे, मित्रांनो. शेवटचं दार आपण..."

"थांब जरा," मर्ल म्हणाली आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन पुढे आली. तिने आधी हॅट उचलून जनीनच्या हातात दिली. मग बादली सरळ कातड्यावर उपडी केली.

"मावशी! काय हे?"

"काही नाही. बोलव त्याला आता."

"ओल्या कातड्यावर?"

"का? ग्लेनला पाण्याचं वावडं होतं? तळ्यातून त्याला जेवायला बाहेर काढायला मला काठी घेऊन जावं लागायचं."

मागे नॉर्म खुसकन हसला. डॅरिलने हॅट परत मांडायला लावली, ओल्या कातड्यावर थापा मारल्या. थप, थप ऐवजी पचक, पचक. फ्लॅश पडला. काचेवर हॅट होती, कातडं होतं, गोल नव्हता. त्याने पुन्हा काढला. नव्हता.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे," तो कपाळ पुसत म्हणाला. "अशाने ते येत नाहीत."

"शंका माझ्या मनात आहे," मर्ल म्हणाली, "आणि ती आजची नाही. बरं, मग माझ्या हाताने येतात का बघू. जनीन, इकडे ये. हा माझा फोन घे. फोटो तू काढ. दुसऱ्या कुणी नाही."

तिने हॅट बाजूला ठेवून ओलं कातडं टेबलावरून ओढून काढलं, रिकामी बादली पुसून टेबलावर ठेवली. कोंबड्यांच्या दाण्यासाठी कालच आणलेली, कुणा मेलेल्याचा हात न लागलेली, लाल प्लास्टिकची. मग घरून आणलेलं कोरडं कातडं घेतलं आणि बादलीसमोर, जनीनच्या तोंडाशीच म्हणा ना, जोरात झटकलं.

"काढ."

फ्लॅश पडला. जनीन फोनकडे बघत राहिली. कुणीतरी विचारलं, "काय आलं?" बेव्हने तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई. बादलीवर किती ते!"

"आता तो फ्लॅश बंद कर, आणि मी परत झटकते."

जनीनने काढला. बघितला. "नाहीत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला.

"मेंढीच्या लोकरीत काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको," मर्ल गर्दीकडे वळली. "बारीक धूळ, केसांची कुसळं. झटकलं की हवेत तरंगतात. आपल्याला दिसत नाहीत. पण कॅमेऱ्याचा फ्लॅश असतो त्याच्या डोळ्याला चिकटून. नाकासमोर तरंगणाऱ्या कणावर तो उजेड पडतो आणि तसाच उलटा डोळ्यात येतो. कण इतका जवळ की कॅमेऱ्याला तो नीट बघता येत नाही, मग फुगवून गोल दाखवतो. एवढंच आहे. तुमच्या आया, तुमचे बाप, माझा ग्लेन, सगळे या कातड्याच्या धुळीतून आले आणि मेलबर्नला विकले गेले."

नॉर्मने छातीशी धरलेली हॅट परत डोक्यावर घातली.

"मी फार शिकलेली नाही. तुम्हाला कुणालाही मूर्ख म्हणत नाही, कारण भिंग लावून मीही बघितलंय. आठवण ठेवा, रडा, वस्तू विका नाहीतर ठेवा, तुमची मर्जी. फक्त कुणी उजेड दाखवून 'हा बघा तुमचा माणूस' म्हणाला, की एकदा दिवा बंद करून बघा. धूळ बसू द्या, मग परत बघा. तरीही दिसला, तर मला बोलवा. मीही येईन बघायला, धावत येईन."

माणसं हळूहळू बाहेर पडली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बेव्ह जाताना आईचं लाटणं काखेत मारून गेली.

जनीन हॅट धरून पायरीवर बसली होती. मर्ल कण्हत तिच्या शेजारी टेकली.

"मला आतून माहीत होतं, मम," जनीन म्हणाली. "पण दर रविवारी तो दिसायचा."

"हो."

"आता रविवारी काय करू?"

"मला कसं माहीत? मलाही रविवार असतोच की." मर्लने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आधी त्या कुत्र्याच्या गाठी सोडव. मग बघू."

जनीनने नाक ओढलं. मग म्हणाली, "तुम्ही नवी बादली फुकट धुळीत घातलीत." आवाजात जरासं, अगदी जरासंच, ते बशी आपटणाऱ्या सुनेचं होतं. मर्लला तेवढं पुरलं.

बोली बंद व्हायला थोडा वेळ होता. मर्लने फोन घेतला आणि हॅटीखालचा डॅरिलचा मजकूर पुसून एका बोटाने लिहिलं, 'हॅट. घामाचा डाग आहे. मालक वारला. आत कुणी नाही. विकायची नाही.'

डॅरिल गाडीत सामान भरत होता. मर्ल फाटकापर्यंत चालत गेली. गुडघा ठणकत होता. त्याची गाडी तिथे येऊन थांबली, त्याने काच खाली केली.

"मावशी, देवाशपथ सांगतो, पहिल्यांदा मलाही खरंच वाटलं होतं. बुटांच्या वेळी."

"असेल. मलाही वाटलं होतं. आणि दुसऱ्या खेपेला?"

त्याने गाडीच्या किल्लीला हात घातला.

"दुसऱ्या खेपेला तू मुद्दाम कातड्यावर थापा मारल्यास," मर्ल म्हणाली. "तिथे तू चुकला नाहीस, डॅरिल, तिथे तू ठरवलंस. माझ्या मेलेल्या पोराचं तू दुकान मांडलंस आणि त्याच्या बायकोला दर रविवारी गिऱ्हाईक म्हणून उभं केलंस. माझ्या बहिणीचा मुलगा म्हणून तुला चहा मिळेल, पुढच्या वर्षी आलास तरी मिळेल. पण कॅमेरा घेऊन या घरात पाय ठेवायचा नाही. आयुष्यभर तू फाटकं उघडी टाकून गेलास आणि मी मागून लावत आले. आता माझा गुडघा गेलाय. उतर गाडीतून, आणि हे तुझ्या हाताने लाव."