मार्नीच्या सकाळी

डॉक्टर फ्रीडल यांनी निदान सांगितलं, तेव्हा कार्लीनला आधी हायसं वाटलं. तीन वर्षं ती ऐकत आली होती, पोरगी वांड आहे, आईनं लाडावून ठेवलीय, घर मोडलं की पोरं अशीच निघतात. आता एका शिकल्यासवरल्या माणसानं कागदावर लिहून दिलं होतं की नऊ वर्षांच्या मार्नीला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार आहे आणि त्यात कुणाचीच चूक नाही.

"मी दोन्ही सुचवेन," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी एक गोळी, आणि जोडीला घरी-शाळेत तिला वळण लावायच्या काही पद्धती. भूक मंदावेल, सुरुवातीला पोट दुखेल, झोप जरा उशिरा लागेल. मात्रा हळूहळू बसवू. नाहीच मानवलं तर थांबवू."

कार्लीननं लगेच मान हलवली. शेजारच्या खुर्चीत तिचा घटस्फोटित नवरा रॉयस खाणीवरच्या जाकिटातच बसला होता. मांडीवर टोपी, टोपीवर हात.

"आजार कसला, डॉक्टर?" तो म्हणाला. "हिची आई हाच हिचा आजार."

"रॉयस."

"काय रॉयस? गेल्या शनिवारी तळ्यावर माझ्याबरोबर गळ टाकून बसली होती. बर्फातल्या एवढ्याशा भोकाकडे बघत चार तास. हूं नाही की चूं नाही. डोक्यात बिघाड असलेलं पोर असं बसतं?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आवडीच्या गोष्टीत अशी मुलं बुडून जातात, नावडत्या गोष्टीवर मन धरून ठेवणं त्यांच्या हाती नसतं.

"म्हणजे शाळा रटाळ आहे," रॉयस म्हणाला. "मग गोळी मास्तरणीला द्या की."

कोर्टाच्या हुकुमात स्पष्ट लिहिलं होतं की मुलीच्या कुठल्याही मोठ्या उपचाराला दोघांची सही लागेल. रॉयस सही न करताच उठला. त्याचं आणि गोळीचं काही वैर नव्हतं. त्याची स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकत नसे. पण कार्लीन 'हो' म्हणाली होती, आणि ती जिथं 'हो' म्हणेल तिथं 'नाही' म्हणायचं हे त्यानं दोन वर्षांपूर्वी, ती सामान घेऊन बाहेर पडली त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

मार्नी एक शनिवार-रविवार सोडून बापाकडे असे. तिथं बर्फावरची गाडी, गळ, कुत्रा, आणि जेवायला हरणाचं सॉसेज. गृहपाठ नाही, बस नाही. रविवारी संध्याकाळी तिला सोडायला येताना रॉयस मुद्दाम गाडी चालू ठेवून दारात उभा राहायचा.

"सोन्यासारखी राहिली," तो म्हणायचा. "तुझ्याकडेही वेळेवर शाळेत जातेच की. शाळेतून तक्रारीचे फोनही कमी झालेत म्हणतेस. मग रोग आहे कुठं? दाखव ना मला. एकदा दाखव, लगेच सही करतो."

हे तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कार्लीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मार्नी वेळेवर शाळेत जात होती, कारण कार्लीन तिला नेऊन पोचवत होती, हात धरून नव्हे, जिभेनं. पहाटे उठून ती कपडे घालायच्या क्रमानं जमिनीवर मांडून ठेवी, मोजे आधी, मग पँट, मग वरची बर्फाची पँट. फ्रीजवर चित्रं चिकटवलेली होती, दात, केस, डबा, दप्तर. स्वयंपाकघरातलं घड्याळ दर पाच मिनिटांनी वाजे. आणि त्या सगळ्याच्या वर तिचा स्वतःचा आवाज, "मोजे. शाब्बास. आता दुसरा पाय. माझ्याकडे बघ. आता डबा." एवढी टेकणं लावली की मार्नी उभी राही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटे, ही तर आपली आपण उभी आहे.

म्हणून कार्लीननं टेकणं काढून घेतली.

रविवारी मार्नी झोपल्यावर तिनं चित्रं उतरवली, घड्याळ खणात टाकलं. सोमवारी कपडे कपाटातच राहिले. ती दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं फोन समोर धरला.

"काय करतेयस?" मार्नीनं विचारलं.

"काही नाही. तू आवर."

"माझी चित्रं कुठायत?"

"तू मोठी झालीस आता. बस सात वीसला येईल."

पहिल्या दिवशी बस चुकली. दुसऱ्या दिवशी ती रात्रीच्याच चड्डीवर बर्फाची पँट चढवून गेली आणि दिवसभर वर्गात ती पँट काढता आली नाही. तिसऱ्या दिवशी डबा राहिला. कार्लीनला ओट्यावरचा डबा दिसत होता. तिनं तोही व्हिडिओत घेतला आणि मग डबा तिथंच ठेवून स्वतः कामावर गेली. ती दातांच्या डॉक्टरांकडे रुग्णांच्या वेळा लावून द्यायची. दिवसभर फोनवर गोड बोलता बोलता तिच्या मनात येत होतं की मार्नीला कुणीतरी काहीतरी खायला दिलंच असेल. दिलं असेलच.

सहाव्या दिवशी भलतंच घडलं. मार्नी आपली आपण उठली. मोजे घातले, दात घासले, दप्तर भरलं, डबासुद्धा घेतला. सात वाजून दहा मिनिटांनी ती दारात टोपी घालून तयार उभी होती. गालांवर लाली, श्वास धावल्यासारखा.

"मॉम, बघितलंस? सगळं केलं मी. तू काहीच सांगितलं नाहीस."

"हं," कार्लीन म्हणाली. "जा, बस येईल."

गाडीत बसल्यावर तिनं तो व्हिडिओ पुसून टाकला. असला एक व्हिडिओ रॉयसच्या हाती लागला की बाकीच्या सगळ्यांवर पाणी पडलं असतं, आणि पोरीला औषध मिळालं नसतं. औषध तर मिळायलाच हवं होतं. यात तिला तेव्हा काहीही वावगं वाटलं नाही.

आठव्या सकाळचा व्हिडिओ चार मिनिटांचा होता. बाहेर शून्याखाली वीस अंश. मार्नीच्या एका पायात बूट होता आणि दुसरा सापडत नव्हता. ती कोचाखाली गेली, तिथं जुनं मासिक सापडलं, ते चाळत बसली, मग दचकून उठली, न्हाणीघरात गेली, कशासाठी आले ते विसरून परत आली. बूट दाराच्या मागे, कार्लीनच्या पायाशी होता.

"मॉम, सांग ना पुढं काय करू."

"तुला माहितीय."

"नाही माहीत. मला नाही माहीत. तू सांगायचीस ना."

बाहेर बस आली, थांबली, गेली. मार्नी जमिनीवर बसली आणि तिनं रडत मुठीनं स्वतःच्या कपाळावर मारायला सुरुवात केली. "मूर्ख, मूर्ख, मूर्ख." प्रत्येक शब्दाला एक ठोसा. कार्लीननं कोपर भिंतीला टेकवून फोन स्थिर केला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहीचा वाद मिटवायला दोघांना कोर्टाच्या मध्यस्थापुढे बसायचं होतं. हॉलक्विस्ट नावाच्या बाई होत्या, बँकेच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. त्या दिवशी थंडीमुळे शाळा बंद राहिली आणि मार्नीला ठेवायला कुणी मिळालं नाही. कार्लीननं तिला बाहेरच्या खोलीत टॅबलेट देऊन बसवलं. मधलं दार पातळ होतं.

"चला, सिनेमा दाखव तुझा," रॉयस म्हणाला. "पॉपकॉर्न आणायला हवं होतं."

पहिल्या दोन व्हिडिओंना तो हसला. "मीही शाळेत असाच जायचो." तिसऱ्याला खुर्ची पुढे ओढली. आठव्या दिवसाचा लागला तेव्हा त्यानं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि आवाज वाढवला. 'मूर्ख, मूर्ख' हे शब्द त्या छोट्या खोलीत घुमले. हॉलक्विस्टबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

व्हिडिओ संपल्यावर रॉयसनं तो थोडा मागे नेला, थांबवला, आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"बूट तुझ्या पायाशी आहे."

कार्लीननं फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"तुझ्या पायाशी आहे, कार्लीन. आणि तू व्हिडिओ घेत होतीस."

"तूच म्हणाला होतास, दाखव."

"म्हणालो होतो," रॉयस म्हणाला. त्यानं पेन ओढून घेतलं आणि सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावर वळ उठला. "द्या तिला गोळी. या बाईच्या घरात राहायचं तर काहीतरी औषध लागेलच."

बाहेर मार्नी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवून बसली होती. बापानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरून गेला. आईच्या गाडीत बसल्यावर मार्नीनं विचारलं, "आत कोण रडत होतं?"

"कुणी नाही. टीव्हीवर काहीतरी चालू होतं."

मार्नी खिडकीबाहेर बघत राहिली.

गोळी लागू पडली. पहिला आठवडा पोटदुखीत गेला, दुपारचा डबा तसाच घरी परत येई, संध्याकाळी औषध उतरलं की ती चिडचिड करी. डॉक्टरांनी मात्रा बदलली. एप्रिलमध्ये शाळेतून चिठ्ठी आली की मार्नी गणितं पूर्ण करते, मैत्रिणीचं बोलणं मध्येच तोडत नाही. एका रविवारी तिनं लांडग्यांवरचं एक आख्खं पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं आणि संपल्यावर पुस्तकाकडे असं बघितलं, जणू कुणी तिच्या नकळत ते संपवलं होतं. कार्लीन न्हाणीघरात जाऊन रडली. तिचं म्हणणं बरोबर ठरलं होतं. सगळ्या जगापुढे बरोबर ठरलं होतं.

मे महिन्यात मार्नीला शाळेसाठी बर्च झाडाचा फोटो हवा होता, म्हणून कार्लीननं तिला आपला फोन दिला आणि ती रात्रीच्या जेवणाची हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवायला गेली. पाऊण तास झाला तरी पोरगी आली नाही. खोलीत डोकावली तर मार्नी पलंगावर मांडी घालून बसलेली, फोन समोर. पूर्वी तिचा पाय सतत हलायचा. आता अजिबात हलत नव्हता.

"नऊ आहेत," ती म्हणाली. "मी सगळे बघितले. शेवटपर्यंत."

कार्लीन दारातच थांबली. "मार्नी, ते डॅडला दाखवायला होते. तुला औषध मिळावं म्हणून. ते सही करत नव्हते."

"माहितीय. तिसऱ्या दिवसाच्यात डबा दिसतो. आठव्या दिवसाच्यात बूट दिसतो." तिचा आवाज वर्गात उत्तर सांगताना असावा तसा होता. "तेव्हा मला दिसला नव्हता. आता लगेच दिसला."

"मला दुसरा मार्ग नव्हता, बाळा."

"शाळेचे दहा दिवस होते. मी मोजले. एक कमी आहे." तिनं मान वर केली. "ज्या दिवशी मी सगळं आपलं आपण केलं होतं, तो कुठाय?"

ओव्हनचा गजर वाजायला लागला आणि वाजतच राहिला.

"चुकून गेला असेल," ती म्हणाली.

मार्नीनं फोन तिच्याकडे दिला, दोन्ही हातांनी, शाळेत मास्तरणीला वही देतात तसा. "मला फोटो मिळाला," ती म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली.

ती रुसली नाही, ओरडली नाही, बापाला जाऊन काही सांगितलं नाही. निदान रॉयसकडून तसं काही कानावर आलं नाही. उन्हाळ्यात ती एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे राहू लागली. हा बदल तिनंच मागितला. कार्लीनला खात्री होती की रॉयस गोळ्या द्यायला विसरेल, मुद्दाम विसरेल, आणि मग आपण कोर्टात जाऊ. दर आठवड्याला मार्नी परतली की ती डबीतल्या गोळ्या मोजायची. एकदाही चुकल्या नाहीत. रॉयस सकाळी आपली रक्तदाबाची आणि पोरीची, अशा दोन्ही गोळ्या एका बशीत ठेवायचा आणि दोघं एकदमच घ्यायची.

ऑगस्टमध्ये पुढची तपासणी होती. डॉक्टर फ्रीडल यांनी वजन पाहिलं, उंची पाहिली, आणि समाधानानं खुर्ची मार्नीकडे वळवली.

"आणि सकाळी कसं चाललंय? आवरायला अजून त्रास होतो?"

"नाही," मार्नी म्हणाली. "मी सगळं माझं माझं करते. मॉमला काही विचारत नाही."

"अजिबात नाही?"

"कधीच नाही."

"वा," डॉक्टर म्हणाले आणि कार्लीनकडे बघून हसले. "याहून जास्त काय हवं? तुम्ही खूप मेहनत घेतलीत, ते दिसतंय."

"हो," कार्लीन म्हणाली. मग तिनं विचारलं की भूक अजून कमीच आहे, त्यावर काही करता येईल का. डॉक्टर म्हणाले, सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता द्या.

"ती माझ्याकडे नाश्ता करत नाही," कार्लीन म्हणाली.

"डॅडकडे करते," मार्नी म्हणाली आणि आपलं जाकीट घ्यायला उठली.