चेरी अजून हिरवी आहे

अलका गेली त्याला आठ महिने झाले, तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळाने तिच्या नावाने सहल काढली. स्कॉटलंडच्या डोंगरात पानांचे रंग बघायला दर वर्षी तीच सगळ्यांना घेऊन जायची, म्हणून 'अलकावहिनी स्मृती सहल'. त्या सहलीत तिच्या नवऱ्याला जागा नव्हती.

"गैरसमज नको हं, शशिधरराव," मंडळातला माधव फोनवर म्हणाला. "सगळी जोडपी आहेत. हॉटेलात डबल रूमच मिळाल्यात. शिवाय वहिनींचं वर्षही व्हायचंय. गाणीबिणी होणार, तुम्हालाच बरं वाटायचं नाही."

"बरोबर आहे," शशिधर म्हणाला.

"तारीख मात्र तुम्हीच सांगा बुवा. वहिनींना नेमकं कसं कळायचं कोण जाणे. एकदा आम्ही आमच्या मनाने गेलो, तर डोंगर हिरवागार."

शशिधरने खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. चेरीचं झाड अजून हिरवं होतं. अलकाची खूण तीच होती. चेरीचा शेंडा लाल झाला की चार-पाच दिवसांत निघायचं. स्कॉटलंडातल्या पिटलॉक्री गावाच्या वरच्या दरीत तेव्हा बर्चची झाडं पिवळीधमक असतात. रंग जेमतेम आठवडा टिकतो. मग एक वारा येतो आणि खेळ खलास.

"यंदा थंडी उशिरा आहे," शशिधर म्हणाला. "नोव्हेंबरचा दुसरा शनिवार धरा. त्याआधी जाऊ नका."

"एवढ्या उशिरा?"

"अलका हेच म्हणाली असती."

फोन ठेवल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली.

ऑक्टोबरच्या मध्यावर चेरीचा शेंडा लाल झाला. त्याच सकाळी मधुमतीचा फोन आला. ती माधवची बायको, अलकाची जिवाभावाची मैत्रीण. दोन वर्षांपासून तिची नजर कमी होत चालली होती. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायची. त्यामुळे होती तेवढी नजर टिकून होती. रंग दिसायचे, माणसं धूसर.

"भावजी, तुमची चेरी लाल झाली का हो?"

तो फोन घेऊन खिडकीशी गेला.

"अलकाने मला सांगून ठेवलं होतं, चेरीकडे लक्ष ठेव म्हणून. इथून मला काय दिसणार? ह्यांना म्हटलं, तारीख उशिराची वाटते. तर हे म्हणाले, शशिधररावांपेक्षा तुला जास्त कळतं का? पण एवढी एकदा नीट बघायची आहेत मला ती पानं. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं? झाली का लाल?"

काचेपलीकडे शेंडा पेटल्यासारखा दिसत होता.

"नाही, वहिनी. हिरवीच आहे."

"मग बरं," ती म्हणाली. "जीव भांड्यात पडला."

तो एकटाच ट्रेनने पिटलॉक्रीला गेला. दरीत बर्च पिवळेधमक झाले होते. उतारावर ऊन पडलं की सगळा डोंगर उजळायचा. त्याने फोनवर फोटो काढले. दाखवायला कोणी नव्हतं. अलकाच्या ठरलेल्या बाकावर बसून त्याने सँडविच खाल्लं आणि मंडळींची फजिती कशी होईल याचा विचार करत बसला. मजा आली. परतीच्या ट्रेनमध्ये मात्र नाही आली.

महिनाअखेरीस मोठं वादळ झालं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी माधवचा फोन आला. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता. "एक पान नाही हो झाडावर! नुसते खराटे. माणसं हसताहेत मला. ते मरू दे. मधूला मी सांगितलंय की सगळं पिवळंजर्द आहे. एवढ्या आशेने आली होती ती. तुम्ही तिच्याजवळ तोंड उघडू नका, कळलं?"

"नाही उघडणार."

सोमवारी ती दोघं आली. मधुमतीला दारात सोडून माधव गाडी लावायला गेला. तिने मुठीतून एक पान काढलं. दर सहलीहून आली की अलका घरोघरी असंच एकेक बर्चचं पान द्यायची, डोंगरातलं सोनं म्हणून.

"सोनं घ्या, भावजी."

पान काळं पडलेलं, ओलं, चिखलात तुडवलेलं होतं. त्याने ते घेतलं.

"एक सांगू? ह्यांना कळू देऊ नका, रडत बसतील." ती हळू आवाजात बोलू लागली. "हे मला दिवसभर सांगत होते, बघ हा डोंगर कसा पिवळा, ते झाड कसं केशरी. मी हो हो म्हणत होते. मला सगळं राखाडी दिसलं, भावजी. एकही रंग दिसला नाही. रंग तेवढे उरले होते, तेही गेले."

शशिधरच्या खिशात फोन होता. फोनमध्ये पिवळा डोंगर होता, तारखेसकट.

"आता ती इंजेक्शनं बंद. डोळ्यात सुई खुपसून घ्यायची ती कशासाठी? उद्याच क्लिनिकला फोन करून सांगते." तिने चेहरा त्याच्याकडे वळवला. "खरंच पिवळं असतं ना हो तिथे, या दिवसांत? हे उगाच तर नव्हते ना सांगत?"

बाहेर गाडीचं दार लागलं. माधवची पावलं वाजली.

"पिवळंच असतं," शशिधर म्हणाला. "आत या, चहा टाकतो."