डब्याले आलेला ताप

आर्णीत त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, का रस्त्यावर सांडलेली तुरीची दाळ तिथंच शिजून राह्यली होती. पण शीलाले उन्हाची शुद्ध कुठं? तिची दीपमाला पुण्याले खो-खोची फायनल खेळून राह्यली होती. सात वर्षं झाली पोरगी खेळते, अन् मायनं तिले मैदानात एकदाही पाह्यली नव्हती. आज टीव्हीवर, मोबाईलवर, सगळीकडं लाइव्ह दिसनार होतं.

दिसलं काय? दीपमाला खांबाजवळ गेली, हात लांबवला, अन् तशीच थिजली. मंधात गोल चकरी सुरू. ते इतकी फिरली, इतकी फिरली, का तेवढ्यात सासू मथुराबाईच्या शेवया गच्चीवर वाळल्या असत्या अन् मुंग्यायनं नेल्याही असत्या.

"भाऊजी, करा ना काई!" शीला रडकुंडीले आली.

दीर संघदीपनं हुकूम सोडला, "सगळे मोबाईल बंद! एका नळाले चार पाइप लावल्यावर धार कशी राहीन?"

त्यानं आपला बंद केला, मथुराबाईचा केला, दारात बसलेल्या शेजारीण जमनीचाही केला. वायफायचा पासवर्ड मथुराबाईनं बुद्धपौर्णिमेच्या खिरीसारखा अख्ख्या मोहल्ल्यात वाटला होता.

तरी चकरी फिरूनच राह्यली.

"मंग लाइनच खराब असन, वयनी."

शीला ऐकते का? आपला मोबाईल उघडून घरभर फिरली. सैपाकघरात चकरी, बाजीवर बसून पाह्यलं, तरी चकरी. मधल्या खोलीत कुलरच्या मांगं वाकली, तसा व्हिडिओ घोड्यासारखा उधळला!

"लाइन ठीक आहे भाऊजी! पन वायफायचा डबा इथं कसा? खिळ्यावर होता ना?"

मथुराबाई पदर सावरत म्हणे, "मीच ठेवला. हात लावला त चटका बसे. म्हटलं, ताप आला बिचाऱ्याले. थंडाव्याले निजवला."

"आत्याबाई! हा लोखंडाचा पत्रा, वरतून टाकीभर पाणी! त्यातून वायफाय बाहीर येईन कसं?"

"मले काय मालूम, त्याले चालत बाहीर या लागते म्हणून!"

संघदीपनं डबा ओढून काढला. वायर जेमतेम बैठकीच्या चौकटीपावतो पुरली. शीलानं डबा तिथंच खिळ्याले टांगला अन् टीव्हीकडं धावली.

थिजलेली दीपमाला सुटली! जिथं अडकली होती, तिथूनच. जिंकाले अजून दोघी बाद कराच्या, अन् मिनिटच उरलेलं. एक गेली! जमनी अशी किंचाळली, का दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधले लोकं सुटीचा भोंगा झाला समजून घरी निघाले असतीन.

तेवढ्यात शीलाचा मोबाईल वाजला. दीपमाला! टीव्ही मांगं राह्यला होता. तिकडं खेळ केव्हाचा संपला होता.

"दे इकडं, मी इचारतो," मथुराबाईनं हात घातला.

शीलानं मोबाईल हिसकला, कानाले लावला, अन् पोरगी तोंड उघडायच्या आंधी ओरडली, "काईच सांगू नको वं माय! थांब जराशी, तू अजून धावून राह्यली!"

अन् टीव्हीत दीपमालानं झेप घेतली.