नांगराच्या पहारी

सारंगखेड्याच्या जब्बार लोहारानं जन्मभर दुसऱ्यांच्या नांगरांचे फाळ घडवले, पण त्याच्या स्वतःच्या नावावर ढेकळाएवढी जमीन नव्हती. त्याच्या बायकोनं, साबिरानं, ही खंत लग्न झाल्यापासून मनात ठेवली होती. त्यामुळे सरकारनं तापीकाठची पडीक जमीन भूमिहीनांना वाटली आणि एक तुकडा जब्बारला मिळाला, तेव्हा तिनं गल्लीभर गूळ वाटला. अट एकच होती. पेरणीच्या आत रान वहितीला आलं पाहिजे, नाहीतर सर्कलसाहेब येऊन ते काढून घेणार.

शेजारच्या शेताची मालकीण कौसाबाई पहिल्याच दिवशी बांधावर येऊन म्हणाली, "जब्बारभाऊ, हाई कुंदा गवतनी जमीन शे. पह्यले पहारघाई खंदा, मुळ्या ऊनमा वाळू द्या. नांगरनं मंग दखा."

आता लोहाराला कुणी नांगराआधी पहारीनं खणायला सांगावं आणि त्यानं ते मुकाट ऐकावं, असं कधी झालंय? त्यात जब्बारचं नाक आधीच जरा वर. गावच्या घोड्यांच्या यात्रेत येणारे घोडेवालेसुद्धा नाल त्याच्याकडूनच घडवून घेत. त्यानं भट्टी पेटवली, साठवलेलं सगळं लोखंड काढलं आणि असा थोरला नांगर घडवला की गावानं तोंडात बोटं घातली. उसने आणलेले बैल जुंपून त्यानं रान नांगरलं, वर वखर फिरवून ढेकळं मऊ करून टाकली. काळंभोर रान बघून साबिरा हरखून गेली. मूठभर माती तिनं पदराला बांधून घरी आणली.

मग उन्हाळ्यातच एक अवकाळी सर येऊन गेली आणि आठवडाभरात रान हिरवं झालं. कुंदा हे गवतच असं चिवट, की मुळीचा बोटभर तुकडा ओलीत राहिला तरी नवा कोंब धरतो. जब्बारच्या नांगरानं मुळ्यांचे तुकडे करकरून रानभर पेरले होते. पूर्वी बेटाबेटानं उभा असलेला कुंदा आता पाय ठेवायला जागा देईना. जब्बार मटकन बांधावर बसला. फाळ घडवणं वेगळं आणि फाळामागं चालणं वेगळं, हे त्या बिचाऱ्याला उतारवयात कळलं.

"जमीन परत कर देंगे," घरी येऊन तो म्हणाला.

साबिरा रडली नाही, भांडलीही नाही. "तुम नई जाते तो मैं जाती कौसाबहेन के पास," एवढंच बोलली आणि चपला शोधू लागली. मग तोच उठला.

कौसाबाईच्या ओट्याशी तो उभा राहिला. "मन्हं चुकनं, बहिन," कसाबसा म्हणाला.

टोमणा मारायचा तिला हक्कच होता, पण तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मानसं येतीन, भाऊ. तू कोना विळाले धार लावी नही? पन गावमा पहारी दोनच शेतस. दोन पहारघाई काय व्हई?"

जब्बार तसाच घरी आला. दाराशी तो थोरला नांगर उभा होता. साबिरानं भाता धरला. तापून लाल झालेल्या नांगरावर पहिला घाव घालताना जब्बार रडला आणि त्यानं ते लपवलंही नाही. मोठ्या कष्टानं घडवलेलं ते लोखंड तोडून त्यानं ठोकठोकून पहारी केल्या.

लोक खरंच आले. बाप्ये पहारी खुपसून ढेपा उलथत, बाया मुळ्या वेचून बांधावर उन्हात टाकत, आणि कौसाबाई सगळ्यांवर ओरडत फिरे. मृग जवळ आला तसं रान मोकळं झालं. बांधावर वाळलेल्या मुळ्यांचे ढीग लागले.

कोपऱ्यातलं शेवटचं बेट निघत होतं, तेव्हा सर्कलसाहेब आले. त्यांनी रान फिरून पाहिलं, ढेप फोडून पाहिली. "तयार आहे. पेरा," ते म्हणाले. मग हसत विचारलं, "पण तो लोहाराचा थोरला नांगर कुठाय? तालुक्यात फार ऐकलं त्याचं."

जब्बारनं मान खाली घातली, कान लालबुंद झाले.

कौसाबाईनं आपली पहार उचलून धरली. "हाऊ काय, साहेब. आम्हना हातमा शे."

शेजारच्यानं आपली पहार उचलली, मग त्याच्या पलीकडच्यानं. शेवटी जब्बारनं मान वर केली आणि आपलीही उचलली.