बर्फ पडेपर्यंत

टेबलाभोवती शाळेची चार माणसं आणि समोर एकटी व्हर्लिंडा. मुख्याध्यापकांनी कागद तिच्यापुढे सरकवला. तिची तलीथा आता मागच्या खोलीत बसणार होती, मंद मुलांच्या वर्गात. आईची सही तेवढी हवी होती. अमेरिकेतल्या त्या नवाहो आदिवासी वस्तीवरची कितीतरी मुलं त्या खोलीत गेली. त्यातलं एकही परत नेहमीच्या वर्गात आलेलं व्हर्लिंडाला ठाऊक नव्हतं.

"पण झालं काय?"

परीक्षा घेणाऱ्या हॅस्केलबाई मायाळू होत्या. "मी तिला कोल्ह्याचं चित्र दाखवलं. म्हटलं, याची गोष्ट सांग. अक्षर बोलली नाही हो. मग अस्वल दाखवलं, साप दाखवला. नुसती खाली बघत बसली."

व्हर्लिंडा हसलीच. "बाई, आत्ता कुठे सप्टेंबर आहे! कोल्ह्याच्या गोष्टी आम्ही बर्फ पडल्यावर सांगतो. अस्वलं, साप झोपले की. ते जागे असताना त्यांच्याविषयी बोलायचं नसतं."

"चित्रातल्या कोल्ह्यालाही मुहूर्त लागतो वाटतं?" मुख्याध्यापक म्हणाले.

"नाताळची गाणी तुम्ही भर उन्हाळ्यात म्हणता का, साहेब?"

हॅस्केलबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. मुख्याध्यापकांनी मात्र तलीथाला आत बोलावून घेतलं. "तुम्ही आई ना? मग सांगा तिला, बोल म्हणावं. आत्ता बोलली तर हा कागद मी परत घेतो."

एका शब्दाचं काम. तो व्हर्लिंडाच्या जिभेवर आलाही. लहान लेकरू आहे, देवसुद्धा समजून घेतील. तिनं आपल्या भाषेत हळूच विचारलं, "तुला येते ना गं ती गोष्ट?"

"येते की, शिमा," तलीथा म्हणाली. आईला ती शिमाच म्हणायची. "मामानं सांगितली होती, मागच्या थंडीत."

"मग सांगतेस? नाहीतर ते तुला मागच्या खोलीत बसवतील."

तलीथाचा खालचा ओठ थरथरला. मग ती आईकडे बघत म्हणाली, "बसवू देत. अजून बर्फ कुठे पडलाय?"

सोयीचा असतो तोवर नेम कुणीही पाळतं. या एवढ्याशा पोरीनं तो भीती वाटत असताना पाळला, आणि आई म्हणवणारी आपण मात्र तो मोडायला निघालो होतो. व्हर्लिंडाची मान ताठ झाली. तिनं कागद परत सरकवला.

"सही नाही मिळायची. गोष्ट हवी तर बर्फ पडल्यावर विचारा. आत्ता जे बोलायचं असतं, ते आत्ता विचारा."

"काय विचारू?" हॅस्केलबाई म्हणाल्या.

"मेंढ्यांचं विचारा."

त्यांनी विचारलं, आणि तलीथा जी सुटली! आईनं नाकारलेलं कोकरू दुसरीच्या अंगाला कसं लावायचं, कळपातली कुठली मेंढी खोडसाळ, कुत्रा तिला का घाबरतो. सगळं हातवारे करकरून. मध्येच थांबून तिनं विचारलं, "बाई, तुमच्याकडे मेंढ्या नाहीत? मग शाळा सुटल्यावर करता काय?"

हॅस्केलबाई मनापासून हसल्या. मग मुख्याध्यापकांकडे वळल्या. "माझी परीक्षा मी मागे घेते. पुन्हा घेईन, यांच्यातलं कुणी शेजारी बसवून."

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला, पण कागद उचलून घेतला.

"जाऊ मी, शिमा? गणिताचा तास सुरू झालाय," म्हणत तलीथा आपल्या वर्गाकडे पळाली. आणि शाळेच्या लांबच लांब व्हरांड्यात एरवी भिंतीच्या कडेकडेनं चालणारी व्हर्लिंडा आज मधोमध चालत बाहेर पडली.