मैत्रीनं सोडलेली पकड

माझी लेक मैत्री कुस्ती हरली आणि मी आमच्या गल्लीत पेढे वाटले. पोस्टातल्या या बाईचं डोकं फिरलंय, असं संध्याकाळपर्यंत अर्धी निपाणी म्हणत होती. म्हणू देत.

मैत्री पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी तालमीत तिनं एका मुलीचा हात पिरगाळला. ती पोर किंचाळत राहिली, हिनं सोडला नाही. हात मोडला, आणि घरी येऊन ही मला विचारते, "आई, जेवायला काय हाय?" लोकांनी तिला दगड म्हटलं. मी तिला घेऊन बेळगाव गाठलं. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं, "समोरचं माणूस घाबरलं की आपल्या मेंदूत घंटा वाजते. हिच्या मेंदूत ती फार हळू वाजते. मारून, ओरडून उपयोग नाही. डोळ्यांकडे बघायला शिकवा, आणि जमलं की कौतुक करा."

इकडे परशराम वस्ताद तिला तालमीतून काढायला निघाले होते. मी भांडले. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे आक्का. पर आणि कुणाचा हात मोडला, तर हिला परत माती न्हाय." कुस्ती सोडून हिचा जीव दुसऱ्या कशात रमत नाही. मग रोज एकच सराव. पकड घातली की समोरचीच्या डोळ्यांत बघायचं, डोळे विस्फारले की सोडायचं. जमलं त्या दिवशी आखाड्याच्या मातीत ताक-हळद कालवायचा मान हिचा. त्या मानासाठी ती वाट्टेल ते करायची.

परवा जत्रेत चिकोडीच्या पूर्णिमाशी गाठ पडली. कुस्ती हातात आली होती. पूर्णिमाचा हात पाठीमागं पुरता आवळला गेला. तेवढ्यात मैत्रीनं वाकून तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पकड सैल केली. लगेच पूर्णिमानं हिला चीत केलं. लोक हसले. वस्तादांनी मात्र हिच्या पाठीवर थाप मारली.

मी तिच्या अंगावरची माती झटकत विचारलं, "का सोडलंस गं?"

"तिचं डोळं मोठं झालतं."

"वाईट वाटलं व्हय तुला?"

तिनं खरंच आठवून बघितलं. "न्हाय आई. कायच वाटलं न्हाय."

वाईट वाटल्यावर कुणीही सोडतं. माझ्या लेकीनं काहीच न वाटता सोडलं. अशी दुसरी एक तरी दाखवा मला.