तीन कप्प्यांची पेटी

मी एक जुनी अभिप्राय पेटी आहे. मित्रांनो, शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्यांतून सुतारकाकांनी मला घडवले. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक असे तीन कप्पे, वर तीन फटी आणि पुढे पितळी कुलूप. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका!

मुख्याध्यापक सरांनी मला आपल्या खोलीच्या दारात ठेवले. दरवर्षी सर्वांची मते मागवणारी पत्रके वाटली जात, पण माझे पोट रिकामेच राही. कागद नाहीत म्हणजे तक्रार नाही, असे म्हणून सर खूश होत. पुढे तर माझ्या डोक्यावर कुंडी आली. पाणी झिरपून एक फळी फुगली. पण मीही हट्टी. एकदा तरी पोट भरल्याशिवाय मोडायचे नाही, असे मी ठरवून टाकले.

यंदा नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी कुंडी उतरवली, मला पुसले आणि पुन्हा पत्रके वाटली. आठवडा उलटला, तरी मी रिकामीच. बाईंनी सातवीच्या वर्गात कारण विचारले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"बाई, पेटी तुमच्या दारात आहे. कोण टाकतं ते तुम्हाला दिसतं."

बाई तडक आपल्या खोलीकडे आल्या. मग त्यांनी स्वतः मला उचलून जिन्याखाली, पाण्याच्या नळांजवळ नेले. माझे वजन काही कमी नाही, वाटेत दोनदा टेकवावे लागले.

शनिवारी कुलूप उघडले. कितीतरी मुलींनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिले होते, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, म्हणून मी शाळेत पाणीच पीत नाही. एका आईने लिहिले होते, लेक भरलेली बाटली तशीच घरी आणते. शिक्षकांच्या कप्प्यातही तेच निघाले, मी रोज तहान मारते. प्रत्येकीला वाटत होते की ही अडचण आपल्या एकटीचीच. मला फार वाईट वाटले.

बाईंनी सुतारकाकांना बोलावले. "कडी लागल्याशिवाय मी आज घरी जाणार नाही," त्या म्हणाल्या. काकांनी कडी बसवली आणि जाता जाता माझी फुगलेली फळीही ठोकून दिली.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी नळावर आली आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यायली. मी शेजारीच होते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझी एखादी बहीण असेल. ती रिकामी दिसली तर खूश होऊ नका. तिची जागा बदलून पाहा.